तुमच्या कामाच्या ठिकाणी कुणाला काही सुचलं, तर त्याचं पुढं काय होतं?

परवा ऑफिसात 'काहीतरी नवीन सुचवा' असा फतवा निघाला आणि आम्ही दहा मिनिटं पंख्याचा आवाज ऐकत बसलो. याच सांगली जिल्ह्यात १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि आम्हाला साधं काही सुचेना! म्हणून धागा काढतोय. खरे अनुभव लिहा.

कुपवाडकर: फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दर पावसाळ्यात कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत वाफेच्या पोकळ्या, रिजेक्शनचा ढीग. वाळू तपासली, मेटल तपासलं, सल्लागार आणला. सूचना पेटी उघडली तर आत गुटख्याच्या पुड्या. एकदा रात्रपाळीत चहा पिताना हेल्पर पोरगं म्हणालं, "साहेब, कोअर दाराशी ठेवता, रात्रभर ओल धरत्यात." कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा. ओल्या कोअरवर रस ओतला की वाफ होणार, ती अडकली की पोकळी. कोअर आत हलवले, केले त्याच दिवशी वापरायला लागलो. फरक पडला. पण त्याला हे मागच्या पावसाळ्यापासून ठाऊक होतं. तेव्हा सांगायला आला, तर "तू वाळू चाळ" म्हणणारा मीच.

सातारी: पतसंस्थेत आहे. आमच्यात साहेब आधी बोलतात, मग सगळ्यांना तेच सुचतं. नव्या मॅडमनी मीटिंगआधी बिननावाच्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या. एकीत होतं, 'म्हाताऱ्यांची खिडकी जिन्यावरून खाली आणा.' आठवड्यात आणली. अक्षर शिपाईमामांचं होतं, सगळ्यांनी ओळखलं.

मास्तर: येल विद्यापीठात १९५८ साली हेच तपासलं होतं. एकेकटे बसलेल्या चौघांच्या कल्पना मिळून एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरल्या.

मिरजकर: आमचं तंतुवाद्यांचं काम. २०२४ मध्ये सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून येणारा-जाणारा 'परंपरा, परंपरा' करतो. अहो, दोन भोपळे कधी सारखे नसतात, रोज डोकं चालवावंच लागतं. जवारी, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारांखालची घोडी घासणं, शिकताना मी घोडी बिघडवली की वडील ओरडायचे नाहीत, फेकूही द्यायचे नाहीत. "ठेव. उद्या परत घास."

गप्प बसलेला: मी सुचवणं बंद केलंय. सुचवलं की तेच काम आपल्या गळ्यात, पगार तेवढाच.

सातारी: @कुपवाडकर दादा, त्या पोराला काय दिलं मग?

कुपवाडकर: शर्टपीस. परवा पेटीत त्याची चिठ्ठी निघाली, पगारवाढीची. सही करून टाकलीये पठ्ठ्यानं.