इन्क्लूडला क्वेरी देण्यापेक्षा सेट वापरा

एसएसआयमध्ये (सर्व्हरने पान पाठवताना त्यात दुसऱ्या फाइली जोडायची सोय) दुसरी फाइल आत घेणाऱ्या इन्क्लूड व्हर्च्युअल या आज्ञेत पत्त्यामागे प्रश्नचिन्ह लावून 'विभाग=बातम्या' असं काही जोडायचं आणि मेनूच्या फाइलमध्ये क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हामागचा भाग) वाचून चालू विभाग ठळक करायचा, असं एकाने सुचवलंय. आतली फाइल सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालून मजकूर तयार करणारा प्रोग्राम) असेल तर हे बरोबरच आहे (एक्झेक सीजीआय या स्क्रिप्ट चालवायच्या दुसऱ्या आज्ञेला अशी क्वेरी देताच येत नाही). मेनूही एसएचटीएमएल (एसएसआय आज्ञा असलेली फाइल) असेल तरी अपाची या वेब सर्व्हरवर हे चालतं. एसएसआय फाइलीत दुसरी एसएसआय फाइल घेतली की आतलीलाही बाहेरच्या पानाचीच व्हेरिएबल्स मिळतात, पण इन्क्लूडला क्वेरी जोडली असेल तर क्वेरी स्ट्रिंग तिचीच होते. म्हणजे मेनूत एको (व्हेरिएबल छापायची आज्ञा) केलं की तुम्ही जोडलेली क्वेरी छापली जाते, ब्राउझरच्या पत्त्यातली नाही.

तरी त्यापेक्षा सोपं म्हणजे मुख्य पानात इन्क्लूडच्या आधी सेट लिहून 'विभाग' ठरवा आणि मेनूत इफ लावून तो तपासा. कित्येकदा तेही लागत नाही, कारण डॉक्युमेंट यूआरआय हे व्हेरिएबल मेनूतही मुख्य पानाचाच मार्ग देतो, आणि इथे आपल्याला नेमका तोच हवा असतो. लास्ट मॉडिफाइडचंही तसंच: फुटरमध्ये छापलंत तर तारीख मुख्य पानाची येते. फुटरची स्वतःची हवी असेल तर एफलास्टमॉड या आज्ञेला त्या फाइलचं नाव द्या.

आणि एको करताना एन्कोडिंग 'नन' करायचा (म्हणजे खास चिन्हं आहेत तशीच छापायचा) सल्ला कृपया कोणी मानू नका. मूळचं 'एंटिटी' राहू द्या, नाहीतर पत्त्यात कोणीही स्क्रिप्ट टॅग घुसवेल.