त्रिकोणी संख्या आणि जनरेटिंग फंक्शन: कशात करू, सुचवा

अर्धाकप:
स्कॉलरशिपला पाठ केलेलं ना, लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे त्रिकोणी संख्या, त्याच परत मागे लागल्यात. एक्सचे 0, 1, 3, 6, 10 असे घात घेऊन बेरीज मांडली (हेच जनरेटिंग फंक्शन, संख्यांची यादी एक्सच्या मालिकेत मांडायची) आणि हातानंच वर्ग केला. सहगुणक आले 1, 2, 1, 2, 2, 0, 3, 2, 0, 2, 2. मधेच शून्य कसं काय, चुकलं का कुठं? आणि पुढचं कशात करू? फुकटचं सांगा.

शेंगदाणा:
एक्स भागिले (एक वजा एक्स) या कंसाचा घन. झालं की.

वडाची_पारंबी:
@शेंगदाणा अहो ते वेगळं, तिथं त्रिकोणी संख्या सहगुणकात येतात, इथं त्या घातांकात बसल्यात.
@अर्धाकप बरोबर आहे तुझं. वर्गात 5 चा सहगुणक म्हणजे दोन त्रिकोणी संख्यांची बेरीज 5 किती प्रकारे होते ते, तर 0, 1, 3 यातल्या कुठल्याही दोघांची बेरीज 5 होते का बघ. 8 चंही तेच. पॅरी-जीपी हे गणिताचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे, 100 व्या घाताला मालिका कापून टाक आणि हवा तो घात कर. आलेले आकडे ओईआयएसमध्ये, म्हणजे संख्यामालिकांच्या ऑनलाइन कोशात शोध, पण निदान आठ-दहा तरी टाक, चारच टाकलेस तर ढीगभर नको ते समोर येतं. आणि चौथा घात चुकवू नकोस, माझ्या मते खरी मजा तिथंच आहे, 7 चा सहगुणक हवा तर दुप्पट अधिक एक म्हणजे 15, त्याच्या विभाजकांची बेरीज 1+3+5+15 म्हणजे 24, हेच उत्तर, आणि हे प्रत्येक संख्येला चालतं!

अर्धाकप:
भारीच. पण मी तोवर पायथनमध्ये घन काढला तर 4 आणि 6 ला शून्य येतंय. तीन त्रिकोणी संख्यांत कुठलीही संख्या बसते असं गणितज्ञ गाऊसनं 1796 मध्ये सिद्ध केलंय ना?

वडाची_पारंबी:
हो, 10 जुलैला, डायरीत युरेका लिहून ठेवलंय त्यानं. तुझं लूप 1 पासून सुरू होतंय का? शून्य पण त्रिकोणीच धरायचा, 6+0+0.

अर्धाकप:
😅 हो, 1 पासूनच होतं. आता 4 ला 6 आणि 6 ला पण 6. पॅरी टाकतोय.