बेन नेव्हिस : चढणीपेक्षा उतरण अवघड

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस डोंगर (१३४५ मीटर) कळसूबाईपेक्षा ठेंगणा, म्हणून धावायला सोपा, असे काही जण म्हणतात, पण हा मुद्दा मला पटत नाही. पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस खोऱ्यातली सुरुवातच समुद्रसपाटीला लागून असल्याने जवळजवळ सगळी उंची पायांनीच गाठावी लागते. शिवाय खरी कसोटी धुक्यातल्या उतरणीची आहे. माथ्याचे पठार ढगात बुडाले की उत्तरेची गार्डीलू घळ आणि उतरताना डावीकडे येणारी फाइव्ह फिंगर घळ दिसतच नाहीत, म्हणून माथ्यावरच्या सर्वेक्षण खांबापासून होकायंत्राने २३१ अंशांवर १५० मीटर आणि तिथून २८२ अंशांवर, असेच उतरावे लागते. जूनमध्येही बर्फाने पायवाट झाकलेली असू शकते. एवढ्या टप्प्यात कृपया धावू नका, पावले मोजत चाला.