रात्री अटेंडंट झोपलेलाच असतो, मग रात्रीचा पगार धरायचा का?

बोटंनसलेला

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. आवाजाने टाइप करतोय त्यामुळे काही शब्द भलतेच पडले तर सांभाळून घ्या.

नऊ वर्षांपूर्वी मानेच्या मणक्याला मार लागला, सी ६ लेव्हल. म्हणजे खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र नाहीत आणि छातीखाली काही नाही. घरून नोकरी करतो, पगार बेताचा. मदतीला एक दादा आहेत, दोन वर्षं झाली. आठवड्यातले सहा दिवस घरीच राहतात, माझ्याच खोलीत झोपतात. सकाळी कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, पोट साफ करणं, अंघोळ, कपडे, पायांचे व्यायाम, मग बेडवरून व्हीलचेअरवर. दिवसभर पाणी, फोन, फाइल, दार. रात्री दोनदा कुस बदलून देणं आणि युरीन बॅग बघणं.

गेल्या आठवड्यात दादा म्हणाले की दोन वर्षांत पगार आहे तिथेच आहे, थोडा वाढवा आणि रात्रीचं काहीतरी वेगळं धरा. आवाज पण चढवला नाही त्यांनी. त्यावर माझा भाऊ म्हणाला, रात्री तर झोपताच ना तुम्ही, शिवाय राहणं जेवण आमच्याकडेच, ते धरलं तर चांगलाच पगार पडतोय की. हे सगळं चालू असताना दादा माझ्या व्हीलचेअरचा बेल्ट लावत होते. मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर मला पण कळत नव्हतं की भाऊ चुकीचं बोलतोय की नाही, कारण झोपतात हे खरंच आहे. पगारातला बराचसा हिस्सा भाऊच भरतो, तोही मुद्दा आहे.

तर तुम्ही काय करता? रात्र धरता का, धरली तर किती, जेवणाखाण्याचे पैसे कापता का?

सरळहिशोब

भावना बाजूला ठेवून बोलतो, राग मानू नका. ज्या कामाला माणूस ज्या पैशात मिळतो तो त्या कामाचा रेट. उद्या हे दादा गेले तर त्याच पगारात दुसरा येईल का? येत असेल तर वाढ कशाला? आणि हे काही नर्सिंग नाही, डिग्री लागत नाही. तुमचे भाऊ खर्च करतायत, त्यांची पण बाजू बघा. एकाचं वाढवलं की बाकीचे पण मागतात.

रात्रपाळीवाली

मी अकरा वर्षं हेच काम करते म्हणून लिहिते. माझं लिहिणं काही तुमच्यासारखं नाही, समजून घ्या.

सरळहिशोब भाऊ, दुसरा माणूस त्याच पैशात येईल, बरोबर आहे तुमचं. येईल आणि महिन्यात जाईल. मग तिसरा येईल. प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवायचं की कुठला खांदा दुखतो, हाताखालून कसं धरायचं, कुठला पाय उडतो. शिकवणार कोण, तर ज्याला हलता येत नाही तोच. आणि शिकेपर्यंत पाठीचं कातडं कोणाचं सोलवटणार?

आता झोपायचं. मी पण झोपते रात्री. पण आमची झोप कशी असते ते सांगते. डोळा लागलेला असतो आणि कान उघडा असतो. श्वास बदलला तरी जाग येते. ड्युटी संपवून घरी गेले ना, की तिथे बाजूला भांडं पडलं तरी उठत नाही मी, इतका फरक आहे. झोप तीच असती तर घरी जाऊन परत का झोपावं लागलं असतं?

आणि एजन्सीतून गेलं की वेगळीच गंमत. घरचे एजन्सीला जेवढे देतात तेवढे आमच्या हातात येत नाहीत, मधला वाटा किती ते आम्हाला विचारायचं पण नाही. एक खाडा झाला की दिवसाचे पैसे कापणार. पण ज्यांचं करतो ते दवाखान्यात ॲडमिट झाले की आमचं काम बंद, पगार बंद, आणि ते बरे होऊन येईपर्यंत दुसरीकडे जाऊ नका म्हणणार. माझ्या कमरेत गॅप आलीय, त्याचा खर्च माझा मीच केला.

अजून एक. "तू आम्हाला घरच्यासारखी आहेस" असं कोणी म्हणालं ना की मला कळतं, यंदा पगार वाढत नाही.

कलमकसाई

कायद्याचं बघू. देशादेशात नियम वेगळे आहेत त्यामुळे तुम्हाला हेच लागू आहे असं म्हणत नाही, पण हा झोपेचा वाद तुमच्या घरात पहिल्यांदा झालेला नाही, मोठमोठ्या कोर्टांत गाजलाय.

इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशनचं घरकामगारांसाठीचं कन्व्हेन्शन म्हणजे आंतरराष्ट्रीय करार आहे, नंबर १८९, २०११ साली मंजूर झालं. त्यात कलम १० मध्ये लिहिलंय की ज्या वेळात कामगाराला स्वतःचा वेळ हवा तसा वापरता येत नाही आणि बोलावलं तर यावं लागेल म्हणून तो घराच्या दिमतीला असतो, तो वेळ कामाचा धरायचा. फक्त किती धरायचा हे प्रत्येक देशाने ठरवायचं अशी पळवाट आहे. त्याच कलमात आठवड्यात सलग किमान २४ तास सुट्टी आहे. राहण्या-जेवणाच्या रूपात पगार द्यायचा तर तो मर्यादितच, कामगाराला मान्य असेल तरच आणि त्याची किंमत वाजवी धरून. म्हणजे भावाने परस्पर "जेवण धरलं तर" म्हणायचं तसं नाही.

आता उलटी बाजू. ब्रिटनमध्ये रात्री झोपून राहायच्या ड्युटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की किमान वेतनासाठी फक्त कामाला जागे असलेले तास मोजायचे, झोपेचे नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू केला पण वृद्ध आणि अपंगांच्या "सोबतीला" असणाऱ्यांना वगळलं. सोबत! अंघोळ घालणं, उचलणं, सगळं त्या एका शब्दात बसवलं. इव्हलिन कोक नावाच्या केअर वर्करने त्याविरुद्ध केस लढवली आणि २००७ मध्ये त्या सुप्रीम कोर्टात हरल्या, एकही न्यायाधीश त्यांच्या बाजूने नव्हता. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांसाठी तो नियम २०१३ मध्ये बदलला, परत कोर्टकचेरी होऊन २०१५ मध्ये लागू झाला. चाळीस वर्षं गेली एका शब्दापायी.

तर कायदा तुमच्या भावाच्या बाजूने निघू शकतो, तेही खरं. पण कोर्ट सांगतं ते किमान. त्याच्या वर द्यायला कोणी बंदी केलेली नाही.

तीसवर्षेचाकावर

मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू कमजोर होत जाणारा आजार, तीस वर्षं व्हीलचेअर आणि आतापर्यंत किती अटेंडंट झाले ते मोजायचं सोडलंय. कलमकसाईंनी कायदा सांगितला, मी गणित सांगतो.

आठवड्यात १६८ तास असतात. दादा सहा दिवस चोवीस तास म्हणजे १४४ तास तुमच्याकडे. आठ तासाच्या ड्युटीने सहा दिवस काम करणारा माणूस ४८ तास भरतो. म्हणजे तीन माणसांचे तास एका माणसाकडून घेताय तुम्ही. तीन पगार द्या असं म्हणत नाही, पण आता जो महिन्याचा पगार आहे त्याला या तासांनी भागा आणि येणारा आकडा भावाला दाखवा. मी पहिल्यांदा भागला होता तेव्हा कॅल्क्युलेटर बिघडला असं वाटलं होतं मला.

मी सध्या तीन प्रकारचे तास धरतो. हातातलं काम चालू आहे तो तास पूर्ण रेटने. बसून आहेत पण घर सोडून जाऊ शकत नाहीत तो पण पूर्ण रेटने, कारण ऑफिसच्या ड्रायव्हरचा पगार गाडी पार्किंगला लावली म्हणून कोणी कापत नाही. आणि झोपेच्या रात्रीचे ठरलेले पैसे, पण त्यात दोनदाच उठवायचं. तिसऱ्यांदा उठवलं की तो पुढचा पूर्ण तास दिवसाच्या रेटने. हा तिसऱ्या वेळेचा नियम आला आणि रात्री उगाच हाक मारायची माझी सवय निम्मी गेली. चादर जरा सरकली की पण हाक मारायचो मी, आता लाज वाटते.

पैसे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न, आणि इथे मी जरा वेगळं बोलणार. परवडत नसेल तर तास कमी करा, तासाचा रेट पाडू नका. मी दुपारचे तीन तास एकटा राहतो. त्या वेळात काही पडलं तर पडलेलं राहतं, पाणी बाजूला नळीच्या बाटलीत असतं, फोन आवाजाने चालतो. काही रात्री घरातले उठतात. ज्याचा रेट पाडलाय तो माणूस टिकत नाही हे रात्रपाळीवाली ताईंनी सांगितलंच, मी फक्त पलीकडच्या बाजूने सही करतो. मला एक बेडसोअर, म्हणजे कातडीची खोल जखम, झाला होता अशाच बदलाबदलीत, नवीन मुलाला बेडवरून खुर्चीत कसं हलवायचं ते शिकवताना बूड घासलं आणि पाच महिने पालथा झोपून काढले. त्या पाच महिन्यांचा खर्च पगारवाढीच्या कितीतरी पट झाला.

आणि बोटंनसलेला, तुमचा प्रश्न पगाराचा आहे पण मला टोचलं ते तुम्ही गप्प बसलात ते. मालक कोण आहे? पैसे भाऊ देत असेल, पण उचलतात तुम्हाला. १९९४ पासून स्वीडनमध्ये ज्यांना जास्त मदत लागते त्यांना असिस्टंटसाठी तासाच्या हिशोबाने पैसे सरकार देतं आणि माणूस कोण ठेवायचा ते अपंग माणूस ठरवतो. तसं सगळीकडे नाही, माहितीये. पण ठरवायची सवय पैसे यायच्या आधीपासून लावता येते.

लेकाचीआई

वाचून छान वाटलं पण थोडं रागही आला, स्पष्ट बोलते. तास कमी करा म्हणणं सोपं आहे. माझा मुलगा सतरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, बोलत नाही, हाक मारू शकत नाही. त्याला तीन तास एकटं ठेवता येत नाही. "घरातले उठतात" म्हणजे आमच्याकडे मीच, मी नोकरी पण करते, आणि माझ्या रात्रीचा पगार कोणी धरत नाही.

तरी सांगते, आमच्या ताईंना मी कमी देते हे मला माहीत आहे. बरोबर आहे असं स्वतःला पटवत नाही. जमतं तेवढं केलंय, रविवार पूर्ण सुट्टी, ॲडव्हान्स मागितला तर देते आणि एकदम कापत नाही, मुलगा ॲडमिट होता तेव्हा त्यांचा पगार चालू ठेवला. पण हे सगळं उपकार म्हणून नको आणि पगाराच्या बदल्यात पण नको, म्हणून वहीच्या मागच्या पानावर बाकी लिहून ठेवते. हसू नका. मला पेन्शनचा फरक मिळाला की त्यातून थोडं थोडं देतेय.

सरकारने दिलं पाहिजे म्हणून आम्ही पालक अर्ज निवेदनं करतोच. त्यात एक गोष्ट हल्ली मी मुद्दाम घालते, फक्त "मुलाला भत्ता द्या" असं न लिहिता "मदतनिसाचा पगार" असं लिहिते. २००६ च्या युनोच्या अपंग हक्क करारात कलम १९ मध्ये पर्सनल असिस्टन्स हा शब्द स्पष्ट आहे. भत्ता म्हटलं की हातावर काहीतरी टेकवतात, पगार म्हटलं की किती तासांचा हे तरी विचारावं लागतं.

सरळहिशोब

बेडसोअरचा खर्च मी धरला नव्हता, मान्य. डिग्रीचं मात्र मी म्हणालो ते चुकीचं कसं?

रात्रपाळीवाली

डिग्री नाही माझ्याकडे. एकदा रात्री ज्यांच्याकडे होते त्यांचं डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, चेहरा लाल. मणक्याचा मार वरचा होता त्यांचा. घरचे गोळी शोधत होते. मी आधी त्यांना उठवून बसवलं आणि नळी बघितली, पायाखाली दुमडली होती, लघवी तुंबलेली, त्यानेच बीपी चढलं होतं. सरळ केली तसं उतरलं. बघा आता याची डिग्री कुठे मिळते ते.

बोटंनसलेला

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण लेकाचीआईंची वही वाचून आम्ही पण वही केली. दादांनीच लिहिली, मी सांगितलं की प्रत्येक वेळी उठलात की टाका. चार रात्रींचा आकडा असा, ३, २, ५, ३. पाच वाली रात्र मला आठवत पण नाही, मी अर्धवट झोपेत हाका मारल्या असणार. मला वाटत होतं दोनदाच उठवतो.

मग भावाला बसवलं. दादांना पण बसवलं, खुर्चीवर, बेल्ट लावायला नाही. आधी भागाकार दाखवला. भाऊ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की एवढे सगळे मला जमणार नाहीत. मी म्हटलं जमणार नाहीत ते तास घेऊ नकोस. शेवटी असं ठरलं की रात्रीचे वेगळे पैसे, तिसऱ्या वेळेचा नियम तीसवर्षेचाकावर यांचा जसाच्या तसा, जेवणाचं काही कापायचं नाही, आणि वाढीतला निम्मा भाग माझ्या पगारातून. दुपारी दोन तास मी एकटा, दादा बाहेर जाऊ शकतात. पहिल्या दिवशी ते गेलेच नाहीत, जिन्यात बसून राहिले, शेजाऱ्यांनी सांगितलं.

आता आठवड्यातून दोन रात्री भाऊ माझ्या खोलीत झोपणार आहे. काल पहिली रात्र झाली. चौथ्या हाकेला म्हणाला, अरे झोपू दे की जरा. वहीत त्याने फक्त दोन टाकलेत, दादांनी सकाळी मला विचारून ते चार केले.