लॉबीतली फिश टँक: रविवारी पाणी भरायचं की नाही?

बी-४०२ (सेक्रेटरी): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 लॉबीतली ॲक्रेलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) फिश टँक काल बसवून झाली. लांबी ६ फूट, रुंदी २ फूट, उंची अडीच फूट. रविवारी सकाळी ११ वाजता पाणी भरून उद्घाटन. पहिला मासा चेअरमन साहेब सोडतील. मुलांना घेऊन जरूर यावे.

सी-१०२: वा! गणपतीच्या आधी लॉबीला शोभा आली. आम्ही लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय बघायला मरीन ड्राइव्हला जायचो, आता मासे खालीच.

ए-२०३: अभिनंदन कमिटी 👏 आमच्या कन्येची ऑर्डर: केशरी गोल्डफिश हवेत.

सी-५०५: मासे क्रॉफर्ड मार्केटमधून आणू. मी येतो बरोबर, नाहीतर काहीही गळ्यात मारतात.

ए-३०४: नमस्कार. आत्ता ऑफिसातून येताना टाकी टॉर्च मारून पाहिली. सेक्रेटरी साहेब, रविवारी पाणी भरू नका. फोटो टाकतेय.

ए-३०४: [४ फोटो]

बी-४०२ (सेक्रेटरी): काय झालं ताई? पत्रिका छापायला गेलीय 😅

ए-३०४: पहिला फोटो मोठा करून बघा. पुढची शीट खालच्या शीटला चिकटते तिथे उजव्या कोपऱ्यापासून वीतभर चांदीसारखी चकाकी आहे. तिथे जॉइंट लागलेलाच नाही. नीट लागलेला जॉइंट आरपार दिसतो. आत हवा राहिली की उजेड परत फिरतो आणि जागा चकाकते. दुसऱ्या फोटोत त्याच जॉइंटमधले बुडबुडे. तिसऱ्यात टाकीच्या काठावरच्या चौकटीच्या पट्टीचे आतले कोपरे, सरळ काटकोनात कापलेत आणि एका ठिकाणी करवत रेघेच्या पुढे गेलीय. चौथ्यात स्टँड: मागच्या कोपऱ्यात टाकीखाली पोस्टकार्ड जातंय.

ए-७०१ (चेअरमन): मी टाकीच्या मेकरशी आत्ताच बोललो. हाताने केलेलं काम आहे, थोडे बबल येतातच म्हणाले. पाणी भरून बघा, गळलं तर मुलगा पाठवतो, आतून सिलिकॉन मारून देईल. लेखी पाच वर्षांची वॉरंटी आहे. उगाच घबराट नको.

बी-२०१ (खजिनदार): १,८५,००० पैकी ९० टक्के दिलेत. १८,५०० बाकी आहेत.

सी-५०५: ते उद्घाटन होईपर्यंत सोडू नका 🙈

ए-३०४: चेअरमन साहेब, राग मानू नका, पण "भरून बघा" हाच सल्ला चुकीचा आहे. जरा लांब लिहिते.

काचेची टाकी सिलिकॉनवर उभी असते, कारण सिलिकॉन काचेला घट्ट धरतं. ॲक्रेलिकला ते धरत नाही. आज मारलं तर काही दिवस बरं दिसेल, मग नखाने सोलून निघेल. ॲक्रेलिकचा जॉइंट वेगळ्या पद्धतीने होतो. दोन शीटांमध्ये बारीक फट ठेवून सुईने सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवणारं द्रव) सोडतात. आपल्याकडच्या बऱ्याच वर्कशॉपांत क्लोरोफॉर्म वापरतात. ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून गेल्यावर दोन्ही शीटा एकजीव होतात. जाड शीटसाठी दोन भाग मिसळून ओतायचं सिमेंट मिळतं, ते जास्त मजबूत. आपल्याकडे काय वापरलंय ते बिलात लिहिलेलं नाही, विचारायला हवं.

मुद्दा असा की लहानसा कोरडा राहिलेला जॉइंट पुन्हा सॉल्व्हंट सोडून लागू शकतो, पण फट स्वच्छ आणि सुकी असली तरच. एकदा पाणी शिरलं की फट वापरातून गेली. मग कितीही क्लोरोफॉर्म मारा, धरणार नाही. म्हणजे रविवारी आपण टाकी तपासणार नाही, दुरुस्तीचा रस्ता बंद करणार. आणि उद्या मेकर म्हणणार, तुम्ही वापरलीत.

ए-२०३: बापरे. मला वाटलं होतं भरून बघणं म्हणजेच टेस्ट.

ए-३०४: टेस्ट हवीच वहिनी. पण दुरुस्ती झाल्यावर, आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये. आपल्या लॉबीत नको.

सी-४०३: ताई, वागळे इस्टेटला तुमचं ॲक्रेलिकचंच वर्कशॉप आहे ना? मग ऑर्डर बाहेर गेली म्हणून तर नाही ना हे 😀

ए-३०४: दुकानांचे बोर्ड आणि ट्रॉफ्या करते मी. टाकी कधी केली नाही, करणारही नाही, आणि या कामाला कोटेशनही दिलं नव्हतं. पण जॉइंट लागलाय की नाही हे रोज बघते. शंका असेल त्यांनी बाहेरून चकाकीच्या जागी खाण्याचा लाल रंग घातलेल्या पाण्याचा एक थेंब लावून बघावा... नको, तेही नको! तीच फट खराब होईल. टॉर्चच मारा.

बी-४०२ (सेक्रेटरी): वॉचमनला सांगितलंय, टाकीला कोणी हात लावू नये.

सी-५०५: मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन खाली गेलो होतो. कोटेशनमध्ये १८ एमएम कास्ट ॲक्रेलिक लिहिलंय. माझं रीडिंग १६.६. फसवलंय आपल्याला!!

सी-४०३: हे बघा. चोर आहे.

बी-२०१ (खजिनदार): दीड एमएमचे पैसे परत मागू का?

ए-३०४: नाही, ही तक्रार सोडून द्या. कास्ट शीट दोन काचांच्या मध्ये ओतून करतात, जाडी सगळीकडे सारखी येत नाही. दहा टक्के आणि वर थोडा फरक स्टँडर्डमध्ये चालतो. १८ च्या शीटला १६.६ हे त्यात बसतं. उलट फरक आहे यावरून शीट कास्ट असावी असं मला वाटतं, एक्स्ट्रुडेड, म्हणजे मशीनमधून दाबून काढलेली, जवळजवळ बरोबर मापाची येते. टाकीला कास्टच हवी. एक्स्ट्रुडेडमध्ये आतला ताण जास्त असतो, सॉल्व्हंट लागलं की बारीक भेगा पडतात.

बाहेरचे ओरखडेही मेकरला लिहायच्या पत्रात नकोत. ॲक्रेलिकवर पॉलिश पेपर ओला करून घासला, ८०० पासून २००० पर्यंत बारीक करत नेला आणि बफ केलं की ओरखडा जातो. सुटे टाचणीएवढे बबलही सोडा. दहा तक्रारी लिहिल्या की तो सोप्या आठ दुरुस्त करून फोटो पाठवेल, आणि जॉइंट तसाच राहील.

सी-५०५: 🫡

सी-१०२: सुप्रभात 🌻 *मन प्रसन्न तर दिवस प्रसन्न*

सी-१०२: वर वाचलं आता. ताई, कोपरा काटकोनात असला तर बिघडतं काय? आमची खिडकी काटकोनातच आहे.

ए-३०४: काका, खिडकीला कोणी सतत बाहेर ढकलत नाही. वरची पट्टी पुढच्या-मागच्या शीटा फुगू नयेत म्हणून असते. टाकी काठोकाठ भरली तर पुढच्या शीटवर सव्वापाचशे किलोच्या आसपास जोर येतो. त्यातला काही ओढा ही पट्टी घेते, आणि ओढ नेमकी आतल्या टोकदार कोपऱ्यात गोळा होते. तिथे करवतीची खाच म्हणजे भेगेला आमंत्रण. कोपरे गोल कापून कडा गुळगुळीत करायच्या असतात. कापड फाडायच्या आधी दुकानदार कात्रीने थोडं चिरतो ना, करवतीची खाच तशीच.

सी-५०५: [फॉरवर्ड केलेला व्हिडिओ] हे बघा!! हॉटेलची लॉबी वाहून गेली!! 😱

ए-२०३: अहो हे कुठलं? मुलं घरी आहेत, असले व्हिडिओ टाकू नका.

बी-६०१: बर्लिनच्या हॉटेलातली ॲक्वाडोम नावाची ॲक्रेलिकची टाकी आहे ही. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे फुटलं. सुमारे दहा लाख लिटर पाणी, दीड हजारच्या आसपास मासे. पहाटेची वेळ म्हणून दोघे जखमी होण्यावर निभावलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञाचा अहवाल आला, त्यात एक कारण नक्की करता आलं नाही. चिकटवलेला जॉइंट हे शक्य कारणांपैकी एक होतं.

ए-३०४: ते सिलिंडर चार-पाच मजली उंच होतं, आपलं अडीच फूट. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लिटरवर नाही. आपली टाकी फुटून कोणी वाहून जाणार नाही. पण साडेआठशे लिटर लॉबीत सांडलं तर जाईल कुठे ते बघा: डावीकडे लिफ्टचा खड्डा, उजवीकडे मीटर रूम.

बी-४०२ (सेक्रेटरी): 😶

सी-३०१: मीटर रूमचं नाव निघालंच आहे तर. मी सिव्हिलचा. लॉबीखाली बेसमेंट पार्किंग आहे, म्हणजे टाकी स्लॅबवर उभी आहे. पाणी ८५० किलो, स्टँड आणि वाळू वेगळी. पायाखाली जागा १२ चौरस फूट. चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या वर गेलं. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात पॅसेज-लॉबीला चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतात, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास. कॉलम जवळ आहे, त्यामुळे बहुधा चालेल, पण "बहुधा"वर सही कोण करणार? आरसीसी कन्सल्टंटचं पत्र घ्या.

ए-७०१ (चेअरमन): हे सगळं ऑर्डर देताना का नाही कोणी बोललं? एजीएममध्ये एकमताने पास झालं होतं.

सी-३०१: एजीएममध्ये काचेची तीन फुटी टाकी पास झाली होती साहेब.

बी-४०२ (सेक्रेटरी): तो विषय मीटिंगमध्ये घेऊ. इथे नको.

ए-२०३: एक विचारू? मावशी रोज सकाळी टाकी त्या निळ्या ग्लास क्लीनरने पुसतात. चालतं का?

ए-३०४: अजिबात नाही! आजपासून बंद करा. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला स्प्रे, सॅनिटायझर, थिनर, यातलं काहीही ॲक्रेलिकवर नको. ताण असलेल्या जागी, म्हणजे जॉइंट आणि भोकाच्या कडेला, केसासारख्या भेगांचं जाळं येतं. ते पॉलिशने जात नाही. साधं पाणी, हवं तर भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, आणि मऊ सुती फडका. मावशींची काही चूक नाही, कोणी सांगितलंच नव्हतं त्यांना. पण मेकरला कळलं तर तो सगळ्याचं खापर यावरच फोडेल.

बी-४०२ (सेक्रेटरी): सांगितलं मावशींना. स्प्रे माझ्या घरी आणून ठेवलाय.

सी-४०३: ताई, आधीच्या मेसेजबद्दल सॉरी. गंमत केली होती.

ए-३०४: 👍

ए-७०१ (चेअरमन): बरं. मग ताई, नेमकं काय मागायचं त्याच्याकडे? पैसे परत?

ए-३०४: माझ्या मते आधी दुरुस्तीच मागा, पण त्याच्या वर्कशॉपमध्ये. जॉइंट वीतभर कोरडा आहे, त्यामुळे नुसतं पुन्हा सॉल्व्हंट सोडून माझं समाधान होणार नाही. पुढची शीट कापून काढावी, कडा राउटरने (कडा कापायच्या मशीनने) सरळ करून पुन्हा लावावी. टाकी काही एमएमने लहान होईल, वरचं झाकण नवीन लागेल, ते त्याच्या खर्चाने. कोपऱ्यात आतून ॲक्रेलिकची पट्टी लावतो म्हणाला तर लावू दे, पण खालचा जॉइंट नीट झाल्यावर. वाईट जॉइंटवर पट्टी म्हणजे नुसती मलमपट्टी. वरची चौकट गोल कोपऱ्यांची नवी. स्टँडवर जाड प्लायवुड सपाट बसवून, कारण ॲक्रेलिकचा तळ सगळीकडून टेकलेला लागतो.

मग तिथेच काठापर्यंत पाणी भरून आठवडाभर ठेवायची, आणि सी-५०५ ने जाऊन बघायचं. पुढच्या शीटसमोर आडवी दोरी ताणून मधला फुगवटा मोजायचा. फुगणार थोडी, ॲक्रेलिक काचेपेक्षा वीसेक पट लवचीक असतं, त्याला घाबरू नका. पहिले काही दिवस आकडा वाढेल, मग थांबला पाहिजे. वाढतच राहिला तर टाकी घ्यायची नाही.

सी-५०५: मी का 😭

ए-३०४: व्हर्नियर तुझ्याकडे आहे.

बी-६०१: कायद्याचं थोडक्यात. सोसायटी ग्राहक म्हणून तक्रार करू शकते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "व्यक्ती"मध्ये सहकारी संस्था येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रार आपल्या ठाणे जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षं. पण ते सगळं नंतर. आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही नको, आधी लेखी पत्र. चेअरमन साहेब, फोनवर बोलणं थांबवा, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवरच बोला. तो "सिलिकॉन मारतो" म्हणाला हेही लेखी आलं तर बरं. फोटो तारखेसह जपून ठेवा. आणि १८,५०० टेस्ट पास होईपर्यंत द्यायचे नाहीत.

बी-२०१ (खजिनदार): चेकबुक कुलपात 🔒

ए-७०१ (चेअरमन): ठीक आहे. मेसेज करतो त्यांना. उद्घाटन पुढे ढकलू.

ए-२०३: कन्या रडतेय. रविवारी तिला काय सांगू?

सी-१०२: माझ्याकडे जुनी काचेची छोटी टाकी पडून आहे, तीन गप्पी राहतील. पाठवतो.

बी-४०२ (सेक्रेटरी): पत्राचा मसुदा: "आपण पुरवलेल्या ॲक्रेलिक टाकीच्या पुढच्या खालच्या जॉइंटमध्ये दोष असून त्यातून गळती होत आहे. वरच्या चौकटीचे कोपरे सदोष आहेत. स्टँड समतल नाही. टाकी आपल्या खर्चाने परत नेऊन दुरुस्त करावी व भरून चाचणी द्यावी. तोपर्यंत उर्वरित रक्कम दिली जाणार नाही." चालेल?

बी-६०१: "कोटेशनमधील वॉरंटीनुसार" घाला. उत्तरासाठी पंधरा दिवस द्या.

ए-३०४: गळतीचं वाक्य काढा. अजून एक थेंबही भरलेला नाही. "उजव्या कोपऱ्यापासून सुमारे ८ इंच जॉइंट लागलेला नाही, फोटो जोडले आहेत" असं लिहा.

बी-४०२ (सेक्रेटरी): बदललं. चेअरमन साहेबांची सही झाली की उद्या सकाळी पाठवतो. पत्रिकावाल्याला फोन करतोय, छापली नसेल तर बरं.