पुनर्जन्माच्या कथेत डोळ्यांचा रंग बदलला तर पटेल का?

सावली: पुनर्जन्मावर दीर्घकथा लिहितेय. नायिकेला मागचा जन्म आठवू लागतो तसे तिचे काळेभोर डोळे घारे होतात. पटेल का? 'मी तीच आहे' असं तिच्या तोंडून वदवायचं नाहीये.

निशाचर: पटेल, पण एका रात्रीत नको. बुबुळाचा रंग मेलॅनिन या गडद रंगद्रव्यावर ठरतो. निळं रंगद्रव्य तर माणसाच्या डोळ्यात नसतंच, प्रकाश विखुरल्यामुळे डोळे निळे दिसतात. त्यामुळे आधी फक्त उन्हात, बाहुलीभोवतीच्या कड्यात घारी झाक दाखव. आणि ती आरशाआधी आईला दिसू दे. वेणी घालताना आईचा हात थबकतो, बस्स. मला हा प्रसंग वाचायला फार आवडेल.

रानवारा: एकच डोळा बदलला तर? दोन रंगांचे डोळे खरोखर असतात.

सावली: आईचा प्रसंग घेतेच! एक डोळा मात्र नको, लगेच उलगडा होईल. मला शंका टिकवायचीय.

निशाचर: मग बाळपणात जा. काही बाळांचे डोळे जन्मतः फिकट असतात, पहिल्या वर्षात गडद होत जातात. म्हणजे हे घारे डोळे आईने आधी पाहिलेत, आणि ती कुणाला बोललेली नाही.