मदत हवी आहे : आईच्या जुन्या कॅसेट वाचवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध. आई म्हणजे अजब बाई. नऊवारीचा काष्टा खोचून लुनावरून गावोगाव हिंडायची (पेट्रोल संपलं की पायडल मारत), आणि नातवंडांना पत्ते शिकवून त्यांच्याच चिंचा जिंकायची. "माझ्यामागे रडारड नको, जेवायला बोलवा लोकांना," असं बजावून गेलीय. म्हणून त्या दिवशी तिच्याच आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या सगळ्यांना ऐकवायच्या आहेत.

माळ्यावर ९० मिनिटांच्या ३ कॅसेट सापडल्या. एकीवर पांढरी बुरशी धरलीय. दुसरी ओळखीच्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर त्यानं फीतच गुंडाळून घेतली आणि ती तुटली. तिसरीला आता हात लावायची भीती वाटतेय.

बुरशी घरी साफ करता येते का? तुटलेली फीत जोडायला साधी चिकटपट्टी चालत नाही म्हणतात, मग कोणती वापरायची? पुणे-सातारा भागात हे काम जपून करून देणारं कुणी माहीत आहे का? कुरिअरनं पाठवायचा धीर होत नाही.

आणि हो, एका ओवीच्या मध्येच ती "अगं, मांजर दुधाला लागलं!" म्हणून ओरडते. आवाज साफ करताना तेवढं उडणार नाही ना?